टॉन्सिलवर पांढरं दिसलं म्हणून अँटिबायोटिक देऊ नका!

सर्व पालकांना कळकळीचं आवाहन

शाळा उघडल्या, पाऊस लागला आणि घसा धरलेली, तापाने फणफणलेली मुलं पुन्हा दवाखान्यांत दिसू लागली. त्यांतल्या अनेकांच्या पोटात डॉक्टरांकडे येण्याआधीच अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस गेलेले असतात. कधी भावंडाच्या उरलेल्या बाटलीतून, कधी मागच्या वर्षीची चिठ्ठी मेडिकलवर दाखवून. हे आजपासून थांबवा.

बॅटरी मारून घसा पाहिला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, की 'पू झाला' असा निकाल घरीच लागतो. पण मुलांचा घसा दुखतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे, आणि अ‍ॅडेनोव्हायरससारखा विषाणूही टॉन्सिलवर हुबेहूब तसाच पांढरा थर आणतो. त्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. एपस्टाइन-बार विषाणूच्या आजारात अमॉक्सिसिलिन दिलं, तर बरेचदा अंगभर पुरळ उठतं. मग त्या मुलाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचा शिक्का विनाकारण बसतो.

हे विषाणू चिवट आहेत. अ‍ॅडेनोव्हायरस 1953 मध्ये अमेरिकेत सापडला, तोच मुळी शस्त्रक्रियेत काढलेल्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठींमध्ये. लक्षणं गेल्यावरही तो घशाच्या गाठींतल्या पेशींत दीर्घकाळ दडून राहू शकतो. ब्राझीलमधल्या संशोधकांना तर करोनाची लक्षणं नसलेल्या काही मुलांच्या टॉन्सिलमध्येही करोनाचा विषाणू आढळला. तेव्हा 'आमच्या घरात कोणी आजारी नाही, मग याला कुठून लागलं?' हा प्रश्न सोडा. 2023 च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये अ‍ॅडेनोव्हायरसच्या साथीत लहान मुलं दगावली, हे मात्र विसरू नका.

म्हणून घसादुखी अंगावर काढा असं कोणी म्हणत नाही. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा सुजला असेल, तर अँटिबायोटिक लागतंच आणि ते सांगितलेले सगळे दिवस घ्यावं लागतं. अर्धवट सोडलं तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याचा धोका असतो. खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, बसलेला आवाज ही बहुधा विषाणूची खूण. एकदम चढलेला ताप, दुखऱ्या मानेच्या गाठी आणि खोकला अजिबात नाही, असं असेल तर स्ट्रेप्टोकोकसचा संशय घ्यावा. पण निदान डॉक्टरांनाच करू द्या. गरज वाटली तर ते घशाचा स्वॅब तपासतील.

मुलाला लाळ गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल, मूल मलूल पडलं असेल, लघवी कमी झाली असेल किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसला (तो घटसर्प असू शकतो), तर सकाळची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा. तापासाठी पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना नको.

शाळांनाही एक सांगणं. शंभर टक्के हजेरीची बक्षिसं बंद करा. त्यापायी तापातली पोरं वर्गात येऊन बसतात. हात धुवायला साबण ठेवा, कारण अ‍ॅडेनोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

आणि पालकांनो, आज घरातला औषधांचा डबा उघडा. पाण्यात कालवलेलं अँटिबायोटिक सिरप आठवड्या-दोन आठवड्यांत निकामी होतं. ते फेकून द्या. पाकिटावर लाल उभी रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि दुकानदारांनो, तुम्हीही देऊ नका.