तडजोड सामान्यांची, सवलत बड्यांची

पनवेलच्या न्यायालयात राष्ट्रीय लोकअदालत भरली, की बँका आणि वित्तसंस्था थकीत कर्जदारांच्या याद्या घेऊन दाखल होतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात स्वतःचा ट्रक चालविणारा, खारघरला घर घेऊन नोकरी गमावून बसलेला, कामोठ्यात छोटे दुकान थाटलेला आणि २०२०च्या टाळेबंदीत पार खचलेला, अशी माणसे या याद्यांत असतात. समजा, तीन लाखांची थकबाकी आहे; ती दीड लाखात मिटविण्याचा प्रस्ताव पुढे येतो. बायकोचे दागिने मोडून किंवा भावाकडून उसने आणून कर्जदार रक्कम भरतो, कागदावर सही करतो आणि सुटलो बुवा एकदाचा, म्हणून घरी जातो. लोकअदालतीचा निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, हे त्याला आवर्जून सांगितले जाते. त्याच्या पतअहवालात काय लिहिले जाणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

तेथे ‘बंद’ असे लिहिले जात नाही. ‘सेटल्ड’ असे लिहिले जाते. पहिल्या शब्दाचा अर्थ, कर्ज पूर्ण फेडले. दुसऱ्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण फेडले नाही, बँकेने तोटा सोसून खाते मिटविले. पतमाहिती कंपन्यांनी अशी माहिती किमान सात वर्षे जतन करावी, असा नियम आहे. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी वा दुसऱ्या ट्रकसाठी हा माणूस बँकेच्या दारात गेला, की ३०० ते ९०० गुणांच्या मोजपट्टीवर तो घसरलेला दिसतो आणि अर्ज परत येतो. कारण विचारले तर उत्तर एकच, ‘सिबिल बसत नाही’. (स्टेट बँक आणि एचडीएफसी यांच्या पुढाकाराने २००० साली उभी राहिलेली ही सिबिल आज शिकागोच्या ट्रान्सयुनियन कंपनीच्या ताब्यात आहे. भारतीयांच्या पतीचा हिशेब परकीय मालकीच्या चोपडीत जावा, याची खंत दिल्लीत कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही.)

बँकेला स्मरणशक्ती असू नये, असे कोणी म्हणणार नाही. ठेवीदाराचा पैसा कर्जाऊ देणाऱ्याने घेणाऱ्याचा पूर्वेतिहास पाहिलाच पाहिजे. घेतलेले ऋण फेडावे, हा तर या समाजाचा जुना संस्कार. परंतु त्याच परंपरेने सावकारालाही मर्यादा घातली होती. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा दंडक हिंदू विधीत होता आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो मानला. आज तीन लाखांच्या थकबाकीत मुद्दल किती, व्याज किती आणि दंड किती, याची फोड किती कर्जदारांच्या हाती पडते?

आता बड्यांच्या तडजोडीकडे पाहावे. ८ जून २०२३च्या परिपत्रकाद्वारे रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर कर्ज बुडविणाऱ्यांशी आणि फसवणूक ठरलेल्या खात्यांशीही तडजोड करण्यास बँकांना मुभा दिली. तडजोडीनंतर नवे कर्ज देण्यापूर्वी किमान १२ महिने थांबावे, एवढीच अट शेतीबाह्य कर्जांसाठी होती. बँक कर्मचारी व अधिकाऱ्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने खुलासा केला, की फौजदारी कारवाई चालूच राहील आणि दंडात्मक निर्बंधही कायम आहेत. खुलासा कागदावर ठीकच आहे. पण १२ महिन्यांची ती किमान मुदत ट्रकवाल्यालाही लागू होती, हे त्याला कोणी सांगितले? त्याच्या बाबतीत १२ महिन्यांची सात वर्षे कशी होतात?

याचे कारण परिपत्रकात सापडणार नाही. बडा कर्जदार वकील आणि सनदी लेखापाल घेऊन वाटाघाटीला बसतो. त्याचे प्रकरण बँकेचे संचालक मंडळ पाहते. लहान कर्जदाराशी वाटाघाट करतो वसुली एजंट, तीही दूरध्वनीवर, आणि त्याचे प्रकरण पाहते संगणक. उद्योगपतीची एक कंपनी बुडाली तर दुसरी काढता येते. सामान्य माणसाचा पॅन एकच असतो. व्हिडिओकॉन समूहाची उदाहरणे देणे आता गुळगुळीत झाले असले, तरी आकडे विसरण्याजोगे नाहीत. सुमारे ६५ हजार कोटी रुपयांच्या मान्य दाव्यांपोटी २,९६२ कोटींची योजना जून २०२१मध्ये कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने मंजूर केली. ही तर जवळजवळ संपूर्ण हजामत, असा शेरा खुद्द न्यायाधिकरणाने मारला. पुढे अपिलात तो आदेश रद्द झाला, हे खरे; परंतु शंभरातले पाच रुपयेही पदरात न पडणाऱ्या त्या योजनेला बहुसंख्य धनको बँकांनी आधी संमती दिली होतीच ना?

पनवेलकरांना तर दूर जाण्याचेही कारण नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये रद्द केला. ६३ बनावट कर्जखात्यांमधून पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळविल्याचा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला आणि बँकेच्या माजी अध्यक्षांना, जे माजी आमदारही होते, जून २०२१मध्ये अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु गावातल्या शिक्षकाला कर्ज देताना जामीनदारांच्या सह्या मोजणारी व्यवस्था त्या ६३ खात्यांच्या वेळी कोठे होती, हे पाच लाखांच्या विम्यापलीकडे ठेव अडकलेल्यांनी कोणाला विचारायचे?

१८७५च्या मे महिन्यात सुपे येथील रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने परक्या सरकारनेसुद्धा एवढे मान्य केले, की शेतकऱ्याने लिहून दिलेला दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा आणि भरलेल्या रकमेची पावती त्याला मिळावी. दीडशे वर्षांनंतर तडजोडीच्या इंग्रजी पत्रावर सही घेताना तेवढीही तसदी घेतली जात नाही.

कर्जदाराच्या हातीही काही साधने आहेत. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीची नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४पासून अमलात आली. बँक तयार असेल, तर सोडलेली रक्कम नंतर भरून ‘सेटल्ड’चे ‘बंद’ करून घेता येते. एजंटाच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही भरू नये. आधी बँकेचे लेखी पत्र आणि शेवटी निरंक दाखला घ्यावा. परंतु ही सारी माहिती कर्जदाराने शोधून काढायची आणि बँकेने मौन पाळायचे, हा कोठला न्याय? तडजोडीच्या प्रत्येक पत्रावर, सहीच्या जागेच्या वर, मराठीत ठळक अक्षरांत लिहिले जावे, की ही नोंद ‘सेटल्ड’ अशी होईल, इतकी वर्षे राहील आणि अमुक रक्कम भरल्यास बदलेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरते. बड्यांसाठी ते २०२३मध्ये निघाले होते.