पहिले चित्र बाबासाहेबांचे काढू नका

शीर्षक वाचून काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू द्या, पण पुढचे वाचा.

जयंती जवळ आली की प्रत्येक वस्तीत हा प्रसंग घडतो. नववी-दहावीतला एखादा पोरगा कार्डशीट पसरून बाबासाहेबांचे चित्र काढायला बसतो. ब्रश हातात धरायची पहिलीच वेळ. चेहरा थोडा वळलेला असला की चष्म्याची गोल काच गोल राहत नाही, लंबगोल होते. शिवाय दोन्ही काचा एकसारख्या दिसत नाहीत. हात बसलेल्या चित्रकारालाही तिथे घाम फुटतो. पोराचा चष्मा वाकडा होतो. मग कुणीतरी वडीलधारा म्हणतो, "हे बाबासाहेब वाटतच नाहीत रे, ठेव ते." त्याचा हेतू वाईट नसतो. पण पोरगा ब्रश ठेवतो तो कायमचा.

शिकाऊ हाताला चुकायला जागा लागते. बाबासाहेबांच्या चेहऱ्यात आपण ती जागा ठेवलेली नाही, आणि त्यामागचे प्रेम आम्हाला कळते. म्हणूनच म्हणतो, सुरुवात दुसऱ्या कशाने तरी करा. पाण्याचा ड्रम काढा, दाराबाहेरच्या चपला काढा, झोपलेला बाप काढा. चपलेचा अंगठा वाकडा झाला तर कुणाची भावना दुखावत नाही.

खरा प्रश्न चित्राहून मोठा आहे. आपल्याकडे ज्या घरात पहिल्यांदा पुस्तक आले, त्या घरातल्या मुलाला चुकण्याची मुभाच नसते. वर्गात गणित चुकले की ते त्याचे एकट्याचे चुकत नाही. "यांना सवलतीच हव्यात" हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. मग पहिल्या झटक्यात जमत नाही ते करायचेच नाही, अशी सवय लागते. पोहणे, वाजवणे, चित्र काढणे, सगळे "आपलं काम नाही" या खात्यात जमा होते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पेटी वाजते, त्यांच्या मुलाने बेसूर गायले तर "शिकतोय अजून" म्हणतात. हा "अजून" आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही, आणि तो न देणाऱ्यांत आपणही आहोत.

दोन आक्षेप ठरलेले आहेत. घरचे म्हणतात, आधी एमपीएससी काढ. ठीक आहे, काढा. पण दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्याने रात्री अर्धा तास मोबाइल चाळला तर घरात कुणी हिशेब मागत नाही, पेन्सिल घेतली की मागतात.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा: "याचा चळवळीला उपयोग काय?" या मित्रांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' पुन्हा उघडावे. जातीच्या व्यवस्थेत माणसाच्या आवडीला आणि कलाला किंमत नसते, काम जन्मावरून ठरते, हा मुद्दा बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडला आहे. आपल्या माणसांच्या हातांनी कष्ट भरपूर केले, पण ते बहुतेक दुसऱ्याने नेमून दिलेले. कुणी सांगितले नाही, कुणी पैसे देणार नाही, तरी मला करावेसे वाटते म्हणून केले, असे काम आपल्या आजोबांच्या वाट्याला कितीसे आले? स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेतली. मधुमेहाने शरीर पोखरलेले, हातात ग्रंथांचे लेखन, आणि तरी हा माणूस नवशिक्या होऊन शिक्षकासमोर बसला! त्यांना उपयोगाचा प्रश्न कुणी विचारला असेल असे वाटत नाही.

साहित्याचे म्हणाल तर फार लागत नाही. एक ड्रॉइंग वही, एचबी आणि 4बी पेन्सिल, दोन गोल ब्रश, पोस्टर कलरच्या लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा अशा पाच बाटल्या. आमच्या शाळेत क्रेयॉनच्या पेटीत एक फिकट गुलाबी कांडी असायची, तिला सगळे 'स्किन कलर' म्हणायचे. आम्ही आईला त्याच कांडीने रंगवले. आई दिसली नाहीच, वर्गातल्या बाईंसारखी कुणीतरी दिसली, आणि चूक आपल्या हाताची आहे असे कित्येक वर्षे वाटत राहिले. चूक पेटीची होती. लाल आणि पिवळा मिसळा, चिमूटभर निळा घाला, तपकिरी तयार. निळा वाढवला की गडद, पिवळा वाढवला की गव्हाळ. मग आईच्या हाताशेजारी कागद धरून बघा. अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीजवळ एक सावळी स्त्री आहे. तिथल्या चित्रकारांनी माती-दगडांचे रंग वापरून माणसांच्या कातडीच्या किती छटा काढल्या ते एकदा जाऊन पाहा. सेल्फी नंतर काढा.

यातून प्रत्येकाने चित्रकार व्हावे असे आमचे म्हणणे नाही. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके बांधलेला अस्पृश्य आणि देवदासी कॅनव्हासवर आणली, तो रस्ता ज्याला झेपेल त्याने धरावा. बाकीच्यांनी नुसता ड्रम काढला तरी चालेल. बाबासाहेबांच्या चेहऱ्याकडेही यायचे आहेच, वही भरल्यावर.

मंडळांना मात्र एक विनंती आहे. यंदाच्या वर्गणीत डीजेचे भाडे जेवढे धराल, त्यातल्या एका तासाचे पैसे बाजूला काढा आणि कागद-रंग आणा. जयंतीच्या आधीचे चार रविवार विहारात सतरंजी टाका. पोरांबरोबर त्यांच्या आयांनाही बसवा. जे काढले जाईल ते निवडानिवड न करता भिंतीवर लावा, बक्षीस ठेवू नका. आणि "हे काय काढलंय?" असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हातातही एक पेन्सिल द्या.