जाताना साडेअकरा, येताना सहा

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. पण आमची कन्या संसार करते टोकियोत, आणि नोकरीमुळे तिला इकडे येणे जमेना. तेव्हा ऐन थंडीत माहेरानेच तिच्याकडे जायचे ठरले. माहेर म्हणजे अर्थात आमच्या सौभाग्यवती!

जावईबापूंनी दिल्ली-टोकियो विमानाच्या वेळा कळवल्या. चष्मा लावून सौभाग्यवतींनी त्या वाचल्या आणि त्यांचे तोंडच उतरले.

"अहो, रात्री आठला निघून सकाळी साडेसातला पोचायचं. साडेअकरा तास! आणि येताना सकाळी अकराला निघून संध्याकाळी पाचला दिल्ली. अवघे सहा! लेकीकडे जायची वाट लांब नि परतीची जवळ, हा कुठला न्याय?"

"अगं, वाट तीच. सरळ मोजली तर सुमारे ५,९०० किलोमीटर. तुला घड्याळ फसवतंय."

टोकियोचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, आणि तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची. साडेअकरातून साडेतीन वजा केले की उरतात आठ. सहात मिळवले की होतात साडेनऊ. म्हणजे खरा प्रकार नेमका उलटा!

"मग येताना दीड तास जातो कुठे?"

"वाऱ्यावर!" मी म्हटले.

हे मात्र अक्षरशः खरे आहे. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा एक अरुंद पट्टा वाहतो. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उष्ण हवा यांच्यातील तफावत त्याला जोर देते, पृथ्वीचे फिरणे त्याला पूर्वेकडे वळवते. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. जाताना तो विमानाला पाठीमागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी आकाशात फुगे सोडून हा वारा मोजला आणि १९२६ साली त्याचा अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. पण ती भाषा वाचणारेच थोडे! जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

आमच्याही घरात गेले नाही. "ते राहू द्या," सौभाग्यवती म्हणाल्या, "रात्री पोरीचं पोट दुखू लागलं नि फोन आला, तर मी किती तासांत पोचेन?"

मी बोटे मोजू लागलो. पुण्याहून दिल्ली, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, आठ तासांचे उड्डाण, तिकडची तपासणी, मग शहरापर्यंतची गाडी. आणि त्या रात्रीचे विमान हुकले तर दुसऱ्या रात्रीची वाट. हिशेब दीड दिवसावर गेला.

"म्हणजे आठ नव्हे, छत्तीस," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधीचे तिकीट त्यांनी मला काढायला लावले.

बाळ बारा दिवस आधीच आले. आजी उशाशी होती.

दोन महिन्यांनी त्या परतल्या. पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "येताना वेळ फार लागला हो."

"समोरचा वारा," मी तत्परतेने म्हणालो.

"हो. पण तो आत बसलेल्या माणसालाही लागतो, हे तुमच्या ओइशींनी लिहिलंय का?"

मी मुकाट्याने चहाचे आधण ठेवले.