‘डागा आहे ना!’ म्हणून भागणार नाही

नागपूरच्या कळमन्यातल्या आयाबहिणींनो, मार्केटमधल्या हमाल-मापारी बांधवांनो,

बाळंतपणाची काळजी बोलून दाखवली की एकच उत्तर मिळतं : ‘डागा आहे ना, मेयो आहे, मेडिकल आहे!’ ही मोठी सरकारी इस्पितळं आहेत, आणि हजारो बाया तिथे सुखरूप मोकळ्या झाल्या. पण मिरचीच्या हंगामात ट्रकांची रांग लागली की मार्केटसमोरून ऑटो कसा निघतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जन्मलेलं बाळ श्वास घेत नसेल तर हाताशी एकच मिनिट असतं. बाळंतिणीचं रक्त थांबलं नाही तर धडधाकट बाई दोनेक तासांत जाऊ शकते. मोठा दवाखाना लागतोच, पण तिथवर जीव टिकवणारे हात आधी लागतात.

हे हात तयार होतात. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत चार बुकं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणंसुद्धा. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे जगापुढे मांडलं. जंगलातल्या गावाला जमलं ते उपराजधानीला जड का जावं?

सरकारी प्रशिक्षण नाही असं नाही. कुशल प्रसूतीसेवेचं २१ दिवसांचं आहे, नवजात शिशूंसाठी २००९ पासून दोन दिवसांचं आहे. पण वर्षात एखाद्याच वेळी श्वास देणारी अंबू बॅग हातात धरणाऱ्या सिस्टरचा हात ऐनवेळी थरथरला, तर दोष तिचा नाही. मास्क घट्ट बसला का, छाती वर येते का, हे बाहुलीवर पुन्हापुन्हा करूनच अंगवळणी पडतं. प्रमाणपत्र भिंतीवर लावून नाही.

म्हणून आमची मागणी नव्या इमारतीची नाही. (फीत कापायला ती बरी, हे आम्हालाही कळतं.) महापालिकेचा असो की खासगी, बाळंतपण होणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात दरमहा सराव घ्या, तोही ड्यूटीच्या वेळेत, पगारी. कंत्राटी सिस्टर, दाई, आया, १०८ रुग्णवाहिकेचे कर्मचारी, सगळ्यांना त्यात घ्या. बाळ बाहेर येताच मिनिटभरात बाळंतिणीला रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनची १० युनिट, तिला झटके आले तर हलवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस : हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं. मे महिन्यातल्या नागपुरात वीज गेली की त्या फ्रिजचं काय होतं, तेही तपासा.

आणि बाळंतपणासाठी बाईचं नाव नोंदवायला दवाखान्यात जाल तेव्हा भिंतीवरच्या पाळण्याच्या फोटोखाली उभं राहून सरळ विचारा : मागचा सराव कोणत्या तारखेला झाला?