काटकसरीचा उपदेश आणि कोळशाचा हिशेब

पर्यावरण वाचवा, दिवे बंद करा, कापडी पिशवी वापरा, असा उपदेश हल्ली गल्लोगल्ली ऐकू येतो. ५ जून उजाडला की भाषणे होतात, रोपे लावली जातात, फोटो छापून येतात. उपदेश वाईट नाही. पण तो कोणाला केला जातो आणि कोणाला केला जात नाही, हा आमचा सवाल आहे.

आमचा राजुरा कुठे वसला आहे ते आधी पाहा. वर्धा नदीच्या अलीकडे आमचा तालुका, पलीकडे बल्लारपूरची कागद गिरणी. तालुक्यात सास्ती, गोवरी, पोवनीच्या उघड्या कोळसा खाणी. शेजारच्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीचे सिमेंट कारखाने. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचे वीज केंद्र. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक आला. असा क्रमांक कोणाला हवा होता?

आता विजेचे बघा. आपल्याकडच्या कोळशात साधारण तीस ते चाळीस टक्के राख असते. म्हणजे शंभर गाड्या जाळल्या की तीस-चाळीस गाड्या राख मागे उरते. ती कुठे उरते? आमच्या जिल्ह्यात. वीज कुठे जाते? चंद्रपूरहून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॅट क्षमतेची खास वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या दशकात विदर्भातली खेडी भारनियमनाचे तास मोजत होती. ज्याच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा, त्याला वीज वाचवण्याचे धडे द्यायचे, आणि ज्या शहरांतल्या इमारती रात्रभर झगमगतात त्यांच्यापुढे गप्प बसायचे, हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट. मुस्लिम मोहल्ला म्हटला की घाण, गर्दी, असे चित्र अनेकांच्या मनात पक्के बसले आहे. पण वस्तू टिकवण्याचे शास्त्र याच मोहल्ल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी सांभाळले. जुनी गादी पिंजून नवी करणारा पिंजारी, पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा, सायकलचे पंक्चर काढणारा, कपडे उसवून पुन्हा शिवणारा, दारोदार फिरून भंगार गोळा करणारा. ‘रिसायकलिंग’ हा शब्द पुस्तकात येण्याआधीपासून ही माणसे तेच करीत होती. त्यांना कोणी पर्यावरणमित्र म्हटले नाही. ‘भंगारवाला’ म्हणूनच हिणवले.

म्हणून मोहल्ल्याने उपदेशाला कानच द्यायचा नाही का? तसे आम्ही म्हणत नाही. उलट जे आपले होते तेच हातचे निसटू लागले आहे. राज्यात २०१८ मध्ये आणि देशात १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली, तरी लग्नाच्या दावतीनंतर ग्लास-ताटल्यांचा ढीग नालीत जातोच. पूर्वी जमातीची भांडी असत. एका लग्नाची भांडी दुसऱ्या लग्नात जात. ती पद्धत परत आणायला सरकारचा आदेश कशाला हवा? वाहत्या नदीकाठीही वजूचे पाणी वाया घालवू नये, ही शिकवण ज्यांना मिळाली त्यांच्या मशिदीतला नळ गळका का राहावा? वजूचे पाणी बाहेरच्या झाडांकडे वळवणे एका पाइपाचे काम आहे. नवे घर बांधायचे असेल तर भाजलेल्या मातीच्या विटांऐवजी राखेच्या विटा घ्या. आमच्या जिल्ह्यात राखेला तोटा नाही.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कापडी पिशवीने खाणीची धूळ थांबत नाही. खाणीजवळचे शेतकरी सांगतात, कापसाच्या बोंडावर काळा थर बसतो आणि बाजारात भाव पडतो. त्या शेतकऱ्याने घरी कितीही काटकसर केली तरी त्याचे बोंड पांढरे होणार नाही. व्यक्तीची जबाबदारी पुढे करून कारखान्याची जबाबदारी झाकायची, ही चलाखी आम्ही ओळखून आहोत.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. कोळशाचा प्रत्येक ट्रक ताडपत्रीने झाकलेला असावा. खोदून संपलेल्या खाणी मातीने भरून त्यावर झाडे जगवावीत. नुसती लावू नयेत. हवा-पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला मराठीत तहसील कार्यालयाच्या फलकावर लागावेत. जनसुनावणीला मोहल्ल्यातल्या आणि गोंड-कोलाम पाड्यांवरच्या बायकांनाही बोलावावे, कारण पाणी भरतात त्या आणि खोकणाऱ्या लेकराला रात्री उशाशी घेऊन बसतात त्याच.

आम्ही आमच्या नळाचा, ताटल्यांचा आणि दिव्यांचा हिशेब द्यायला तयार आहोत. कोळशाचा हिशेब कोण देणार?