निधी आला, निर्णयाचे काय?



दिवाळीला मुंबई-पुण्याहून सुटणाऱ्या एसटी गाड्या खचाखच भरून गावाकडे जातात. वेशीत नवी कमान दिसते, ग्रामपंचायतीपुढे पेव्हर ब्लॉक, शाळेच्या भिंतीवर योजनेचे नाव आणि रक्कम रंगवलेली. गाव सुधारले, असे म्हणत पाहुणा ओसरीवर टेकतो. मग घरातून कळते, की पाण्याची टाकी झाली, पण तिला पाणी पुरवणारी विहीर मार्चमध्येच तळ गाठते. कमान आधी आणि विहिरीचा गाळ मागून, हे कोणी ठरवले? यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग या एका प्रश्नाला दिला आहे.

प्रश्न आजचा नाही. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि बीडीओ साहेबांची जीप खेड्यात येऊ लागली. पाच वर्षांतच बलवंतराय मेहता समितीने दुखणे ओळखले: निवडून आलेल्या स्थानिक संस्थेच्या हाती अधिकार आणि पैसा दिल्याखेरीज लोक या कामाला आपले म्हणणार नाहीत. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961चा कायदा केला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. पुढे बोंगिरवार समिती आली, पी. बी. पाटील समिती आली. 1993मध्ये 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान दिले आणि त्यांच्याकडे सोपवता येतील अशा 29 विषयांची यादी जोडली. विषय कागदावर उतरले, पैसा मात्र तालुक्या-जिल्ह्याच्या टेबलांवरून गाळून येत राहिला.

चौदाव्या वित्त आयोगाने ती वाट मोडली. 2015 ते 2020 या काळासाठी दोन लाख कोटींहून अधिक रकमेची शिफारस त्याने केली, तीही थेट ग्रामपंचायतींसाठी. आपल्याकडे ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावोगाव आराखडे होऊ लागले. पंधराव्या आयोगाने पुन्हा घडी बदलली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेला दहा टक्के, पंचायत समितीला दहा टक्के आणि ग्रामपंचायतीला ऐंशी टक्के, अशी वाटणी झाली. त्यात 2021 ते 2026 या काळात साठ टक्के निधी बंधित होता, म्हणजे त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. शंभर रुपयांचा हिशेब मांडला तर गावाच्या वाट्याला ऐंशी येत आणि त्यातले बत्तीसच गावाने आपल्या मर्जीने खर्चायचे. त्यातूनही पगार भागवायचे नाहीत.

बंधन घालणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. मोकळा पैसा कमानी आणि सिमेंटच्या रस्त्यांत जिरतो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण पाण्यासाठी राखून ठेवलेल्या पैशातून झालेली टाकीही कोरडी राहतेच. मग दोष पैशाच्या डोक्यावर लावलेल्या शिक्क्यात शोधायचा, की तो खर्चण्याआधी गावाला न विचारण्यात?

वरच्या दोन पायऱ्यांची, म्हणजे पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेची, कथा आणखी निराळी. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022मध्ये संपली आणि त्या वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडून आलेली संस्था नसेल तर वित्त आयोगाचे अनुदान नाही, अशी अट आहे. निवडणुका रखडल्या त्यात मतदाराचा काय गुन्हा? खोळंबा मात्र त्याच्याच कामांचा झाला.

निधी आणि निर्णय यांच्या अशा फेररचनेचे ताजे उदाहरण रोजगार हमी योजनेचे आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1972च्या दुष्काळात वाढलेली ही योजना 1977मध्ये कायदा झाली. तिच्यासाठी शहरी नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. शहराने खेड्याच्या कामासाठी पैसे द्यायचे आणि काम मागेल त्याला ते मिळायचे, असा हा सरळ व्यवहार होता. देशाने 2005मध्ये तो उचलला, तेव्हा अकुशल मजुरीचा सारा भार केंद्राने घेतला. डिसेंबर 2025मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभरावरून सव्वाशे झाले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के भार आला. कोणत्या राज्याला किती निधी, हे केंद्र आधी ठरवणार आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवस कामे थांबवण्याची मुभाही आहे. आधी मजूर काम मागे आणि त्यानुसार पैसा येई. आता पैसा आधी ठरेल आणि कामाने त्यात बसायचे. सव्वाशेच्या आकड्यापेक्षा हा बदल कितीतरी मोठा आहे.

सगळे खापर सरकारवर फोडून मोकळे होता येणार नाही. आपली ग्रामसभा आठवा. गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा पुरतो. तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पारावरचे दहा-बाराजण आत येऊन बसतात, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) विषय वाचतात, ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते आणि हजेरीचे रजिस्टर संध्याकाळी घरोघर सह्यांसाठी फिरते. विहिरीआधी कमान मंजूर होते ती इथेच.

याच राज्यात दुसरे चित्रही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वांच्या संमतीनेच निर्णय घ्यायचा, अशी रीत लावून घेतली. 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आणला. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याच्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना 2015पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. सगळीकडे तो चोख वापरला जातो असे नाही. पण वाद घालून, चुकत, शिकत गाव ठरवू शकते, एवढे या अनुभवाने दाखवले.

आमचे मत स्पष्ट आहे. योजनेचे नाव बदलो, टक्केवारी बदलो, पदनाम बदलो. ग्रामसभेचा निर्णयाचा अधिकार वाढला की घटला, एवढ्यावरूनच फेररचना जोखावी. या कसोटीला बंधित निधीचे प्रमाण कमी व्हायला हवे, निवडणुका वेळेवर व्हायला हव्यात आणि मजुराचा काम मागण्याचा हक्क आकड्याखाली दबता कामा नये. सोळाव्या वित्त आयोगाचा 2026 ते 2031 हा काळ राज्यकर्त्यांच्या हाती आहे.

 फराळाला गावी जाणाऱ्यांना एक विनंती: ग्रामपंचायतीत जाऊन यंदाचा आराखडा मागा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा खर्च मोबाइलवरही पाहता येतो. तो ओसरीवर सर्वांना वाचून दाखवा आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेला घरातले एक तरी माणूस जाईल, असे पाहा. 

— संपादक