साडी ठरली, आयसीयूचं काय?

वृद्धाश्रमाचा प्रवेश अर्ज कधी नीट वाचलाय का? आत्याला पुण्यातल्या एका आश्रमात ठेवलं, तेव्हा तो मीच भरला. आधार क्रमांक, अनामत रक्कम, पथ्यपाणी, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, इतकंच काय, अंत्यविधी कोण करणार याचाही रकाना होता. त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. तब्येत सुधारण्यासारखी राहिली नाही तर उपचार कुठवर करायचे? व्हेंटिलेटर लावायचा का? नाकात नळी घालून अन्न द्यायचं का? हे आश्रमही विचारत नाही आणि आपणही.

मग व्हायचं तेच होतं. नव्वदीतल्या आजींना रात्री दोनला धाप लागते, व्यवस्थापक घाबरून अॅम्ब्युलन्स बोलावतो. त्याला तरी काय बोलणार? नेलं नाही तर उद्या नातेवाईकच अंगावर यायचे. आयसीयूच्या दारात सहीला सून, फोनवर अमेरिकेतला मुलगा. ‘काय लागेल ते सगळं करा,’ तो सांगतो. लोक यावर नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. आईला काय हवं होतं हेच त्याला ठाऊक नसतं, तर बिचारा दुसरं म्हणणार काय?

आणि म्हाताऱ्या माणसांना हा विषय आपल्याइतका अभद्र वाटतच नाही. आत्याच्या कपाटात वरच्या खणात एक गाठोडं आहे. त्यात शेवटी नेसवायची साडी आणि काशीहून आणलेला गंगेचा गडू. पाटल्या कुणाला, तेही सांगून झालंय. ‘शुभ बोल गं’ म्हणून तिला गप्प करणारे आम्हीच.

एका रविवारी तिच्याकडे गेलो होतो. तिचा मुलगा, आमचा दादा, व्हिडिओ कॉलवर होता. मी विचारलं, ‘‘आत्या, फार आजारी पडलीस आणि डॉक्टर म्हणाले की आता सुधारणा नाही, तर काय करायचं?’’

‘‘काहीतरीच काय विचारतोस!’’ दादा.

‘‘तू थांब रे. मला विचारलंय त्याने.’’ मग तिने भराभर सांगून टाकलं, ‘‘मशिनं नकोत. नळ्या नकोत. दुखायला लागलं तर औषध द्या, तिथे काटकसर नको. आणि तोंडाने जातंय तोवर चहा द्या. साखर घालून.’’ मधुमेहामुळे तिचा चहा कधीपासून अगोड आहे.

दादाने शहाण्यासारखा प्रश्न केला, ‘‘आणि न्यूमोनिया झाला तर? तो बरा होतो, आई.’’

‘‘बरी होणार असेन तर न्या की दवाखान्यात! मला कुठे घाई झालीय?’’

डॉक्टरांना नेमकं हेच कळायला हवं असतं, कुठे लढायचं आणि कुठे थांबायचं.

हे कागदावर आणायची सोय आता कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ मान्य केलं. तेव्हाची प्रक्रिया इतकी किचकट होती की कुणी त्या वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये ती सुटसुटीत झाली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन, एवढं पुरतं. आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, त्यांची नावं त्यात घालता येतात. विचार बदलला तर ते लेखी रद्दही करता येतं. गोव्यात तर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचंच नोंदवलं. याला इंजेक्शन देऊन संपवणं समजू नका, तो आजही गुन्हाच आहे. माणूस स्वतः ठरवण्याच्या स्थितीत नसेल आणि बरं होण्याची आशा नसेल, तेव्हाच हा कागद बाहेर येतो. त्यावरही तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं विचार करतात. उपचार थांबवले तरी वेदनाशमन आणि शुश्रूषा थांबत नाही.

पण नुसता कागद करून फायलीत ठेवला तर रात्रपाळीच्या मावशींना तो सापडायचा नाही. आत्याच्या कागदाची एक प्रत आश्रमाच्या कार्यालयात आहे, एक तिच्या डॉक्टरांकडे, एक दादाकडे. कोणत्या दुखण्यात दवाखान्यात न्यायचं आणि कोणत्या वेळी आधी डॉक्टरांना फोन करायचा, हे आम्ही व्यवस्थापकांसमोर बसून ठरवलं. व्यवस्थापकांचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. तिथे मृत्यू झालाच तर दाखला कोण देणार, हेही तेव्हाच विचारून घेतलं. ऐन वेळी सगळे अडतात ते इथेच.

आश्रम चालवणाऱ्यांना एकच सांगणं आहे, अर्जात हा रकाना घाला आणि तो मुलांकडून नाही, राहायला येणाऱ्याकडूनच भरून घ्या. स्मृतिभ्रंश सुरू झाला असेल तर लवकर करा, पुढे विचारून उपयोग नसतो. आणि परदेशातली मंडळी डिसेंबरच्या सुट्टीत येतात, तेव्हा हुरडा पार्टीच्या बेतांमधून एक दुपार यासाठी मोकळी ठेवा.